जोडे बाहेर ठेवून

एखाद्या गोष्टीला चिकटलेला धर्म, जात किंवा पक्ष काढून टाकायचा म्हटले की आपली मराठी जरा अडखळते. चिकटवण्याचे शब्द भरपूर आहेत. राजकीयीकरण, भगवेकरण, इस्लामीकरण हे शब्द वर्तमानपत्रांत सर्रास दिसतात. उलट्या क्रियेला मात्र सुटसुटीत नाव नाही. ‘अराजकीयीकरण’ हा शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा, दात हलायला लागतील.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. आमच्या दप्तरात यासाठी एकच शब्द होता, ‘बिगर’. बिगरकर्जदार सभासद, बिगरशेती जमीन. कचेरीतून हुकूम आला, बिनशेती सारा भरला की जमीन कागदावर बिगरशेती होई. तासगावकडे अशी जमीन तारणासाठी पाहायला जावे, तर तिथे द्राक्षांचा मांडव उभा आणि घड लोंबताहेत! कागद खोटा नसे आणि घडही खोटे नसत. हाच ‘बिगर’ पुढे निवडणुकांना लागला. ग्रामपंचायतीची निवडणूक आपल्याकडे पक्षाच्या चिन्हावर होत नाही, म्हणून पॅनेल ‘बिगरराजकीय’. ते कुणाचे, हे सातारा-सांगलीकडे शेंबडे पोरही सांगते.

धर्माच्या बाबतीत पंचाईत मोठी. ‘सेक्युलर’ला आपण आधी ‘निधर्मी’ म्हणून पाहिले. निराधार, निपुत्रिक यांच्या ओळीत तो शब्द बसवला तर राज्य बिचारे पोरके वाटते. निरोगी, निर्व्यसनी यांच्या ओळीत बसवला तर धर्म हा रोग किंवा व्यसन ठरतो. दोन्हीकडून माणसे दुखावतात, आणि ती दुखावली म्हणून त्यांना प्रतिगामी म्हणण्यात अर्थ नाही. १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने हा शब्द उद्देशिकेत आला, तेव्हा हिंदीने ‘पंथनिरपेक्ष’ घेतला, मराठीने ‘धर्मनिरपेक्ष’. निरपेक्ष प्रेम म्हणजे काही न मागणारे प्रेम, हे आपल्याला घरात कळते. त्या अर्थाने राज्याला धर्माकडून काही नको, इतकेच तो शब्द सांगतो. मला तो बरा वाटतो.

त्याहून आवडतो तो ‘इहवाद’. त्यात काही काढून टाकल्याची भाषाच नाही. नजर या जगावर आहे, एवढेच तो म्हणतो. हा विचार आमच्या भागाला परका नव्हता. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत धर्मकोशाचे काम करणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हेच मानवेंद्रनाथ रॉय यांचे सहकारी आणि मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक. धर्मकोश आणि विश्वकोश एकाच गावात, एकाच माणसाच्या हातून! धर्म नीट वाचलेल्या माणसाला तो पुसून टाकण्याची घाई नसते, असे मला त्यांच्याकडे पाहून वाटत आले आहे.

पुसण्याचा सोस जुना आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी पदनामांना संस्कृत नावे दिली. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य. स्वतःचे राज्य उभे करणाऱ्या राजाला ते शोभले. पण १७१३ साली शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पद दिले, आणि पुढे शिक्क्यात ‘मुख्य प्रधान’ असले तरी लोकांच्या तोंडी पेशवेच राहिले. (वर मी लिहिलेले दप्तर, जमीन, हुकूम, कागद हे सगळे फारसी-अरबी वाटेने आलेले. तो ‘बिगर’सुद्धा.)

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरवले. निर्णय योग्यच होता. पत्त्यात रोज स्वतःची जात लिहावी लागणे ही शिक्षा कुणी सोसावी? पण भीमनगर म्हटले की ऐकणाऱ्याला जे कळायचे ते कळतेच. पाटी बदलते, वस्ती गावाच्या त्याच टोकाला राहते. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले, तेव्हा अशा शब्दाची वाट पाहिली नाही. सगळ्या जातींची मुले एका छपराखाली आणली, एका पंगतीला बसवली, एकाच कामाला लावली.

२०२५ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. मागणी अनेक वर्षांची होती, आणि कितीतरी लोक बोलताना ईश्वरपूर म्हणतही असत. नाव बदलण्याचा अधिकार सरकारला आहे. पण याला धर्म काढला असे म्हणता येणार नाही. एका खात्यातली शिल्लक दुसऱ्या खात्यावर टाकली, असा हा व्यवहार. तो तसाच लिहावा; ज्यांच्या खात्यातून रक्कम वजा झाली त्यांना तो कळलेलाच असतो.

आपल्या बोलीने मात्र यावर कधीच तोड काढली आहे. गावची पाणीयोजना, शाळा, पूर असे काही आले की कुणीतरी ज्येष्ठ माणूस म्हणतो, ‘पक्षाचे जोडे बाहेर ठेवून या.’ जोडे टाकून द्यायला कुणी सांगत नाही. ते कुणाचे हे सर्वांना ठाऊक असते, आणि सभा संपली की जो तो आपापले घालून घरी जातो. वेळेपुरते आणि जागेपुरते काढायचे, एवढीच अट. ती माणसाला पाळता येते.

मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात हीच रीत दिसते. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथेच आहे. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. हिराबाई बडोदेकर, भीमसेन जोशी यांनी तिथे हजेरी लावली. खाँसाहेबांनी कृष्णाची करुणा भाकणारे भजन गायले, त्याची ध्वनिमुद्रिका घराघरांत वाजली. त्या गाण्याला कुणी निधर्मी म्हणत नाही. दर्गा दर्गाच असतो, भजनही भजनच. याच मिरजेत २००९च्या गणेशोत्सवात अफझलखानाच्या वधाच्या कमानीवरून दंगल पेटली, संचारबंदी लागली, शेजारी शेजाऱ्याला ओळखेनासा झाला. तेही मिरजच होते. उरूस त्यानंतरही भरला, सभा झाली, आणि सतारी लावणारे मिरजेचे कारागीर नेहमीप्रमाणे ऐकायला पुढे बसले.