विमानतळाआधीचं गाव

परवा अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल होता. बाकीचे यायचे होते, म्हणून तिकडच्या एका सहकाऱ्याशी गप्पा सुरू झाल्या. तो आयोवातल्या कुठल्याशा खेड्यात वाढलेला. "तुला नाव माहीत असायचं कारणच नाही," म्हणाला. मी गप्प बसतोय होय? तिथल्या तिथे विकिपीडियावर शोधलं. वस्ती जेमतेम काहीशे, पण पान तयार! शाळा, पाण्याची टाकी, गावाबाहेरची छोटीशी धावपट्टीसुद्धा.

मग त्याने विचारलं, तुझं गाव कुठलं? पुणे म्हणून सुटलो. पण खरं सांगायचं तर माझ्यासाठी गाव म्हणजे वनपुरी, तालुका पुरंदर. माझं आजोळ. रात्री तेही शोधून बघितलं. बातम्याच बातम्या, आणि सगळ्या विमानतळाच्या!

२०१६ मध्ये पुण्याच्या नव्या विमानतळासाठी पुरंदरचं नाव जाहीर झालं. मध्यंतरी जागा बदलायच्या चर्चा झाल्या आणि गाडी पुन्हा त्याच सात गावांवर आली : वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव. मे २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणाला गावकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा ही नावं आपल्यातल्या अनेकांनी पहिल्यांदा ऐकली. यातलं खानवडी म्हणजे जोतीराव फुल्यांच्या पूर्वजांचं गाव. ते घराणं कटगुणहून निघालं आणि पुण्यात येण्याआधी इथे राहिलं. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या माणसाचं मूळ या गावात आहे, आणि आपल्याला ते धावपट्टीच्या नकाशावरून कळतं.

मी विमानतळाच्या विरोधात आहे का? मलाच धड सांगता येत नाही. लोहगावचा तळ हवाई दलाचा, तिथे प्रवासी विमानांना जागा मर्यादितच. नवा विमानतळ हवा, हे ऑफिसात बसलं की पटतं. मामाच्या अंजिराच्या बागेत उभं राहिलं की पटेनासं होतं.

लोहगावचंच घ्या ना. तिथे इंग्रजांनी १९३९ मध्ये विमानतळ बांधला. त्याआधी कितीतरी शतकं ते तुकोबांचं आजोळ होतं. आपल्यासाठी मात्र लोहगाव म्हणजे पहाटे चारची कॅब. डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळाने विमानतळाला तुकोबांचं नाव द्यायचा ठराव केला, तेव्हा हे नातं पुन्हा चर्चेत आलं. तिथे तुकोबा होते म्हणून आठवण राहिली. माझ्या आजोळाची कोण ठेवणार?

अमेरिकेतल्या त्या पानांमागे फार मोठं ग्रामप्रेम होतं अशातला भाग नाही बरं का! २००२ मध्ये रॅमबॉट नावाच्या एका प्रोग्रॅमने तिथल्या २००० च्या जनगणनेचे आकडे घेऊन सुमारे ३०,००० गावं-परगण्यांची पानं भराभरा बनवली. प्रोग्रॅमने सांगाडा उभा केला आणि मग माणसांनी त्यात आपापली शाळा, आपापली टाकी भरली. सांगाडा आपल्याकडेही आहे. मराठी विकिपीडियावर कितीतरी गावांची पानं आहेत. 'लोकजीवन', 'प्रेक्षणीय स्थळे' असे मथळे आहेत आणि खाली रिकामी जागा. ती भरायला लागणारी माणसं पुण्यात कोड लिहीत बसली आहेत. म्हणजे मीच!

जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावरून ठरतो. विहिरींची, झाडांचीही मोजदाद होते. पण त्या विहिरीला 'म्हातारीची विहीर' का म्हणतात, यासाठी कुठल्याच फॉर्मवर रकाना नसतो. ते मामाला माहीत आहे, आणि मामा आता पंचाहत्तरीला आला. सरकारने काय करावं यावर आपण तावातावाने बोलतो, पण हे काम सरकारचं नाहीच. गाव सोडून आलेल्या भाचे-पुतण्यांचं आहे. विमानतळ होवो न होवो, ते आत्ताच करायला हवं.

म्हणून पुढच्या रविवारी वनपुरीला जातोय. फोनचा रेकॉर्डर चालू करून मामाला बोलतं करायचं : शाळा आधी कुठे भरायची, दुष्काळात पाणी कुठून आणायचे, कुठल्या शेताला काय नाव. सोबत फोटोही काढायचे.

तुमचं गाव कुठलं? तिथलं सांगणारं कोण उरलंय?

असो. मामाला फोन करायचाय. उशीर झाला की झोपतो तो.