ओढणीचा वाद पुरे, मैदानाचे बोला

मुसलमान मुलीने फुटबॉल खेळावा का, असे कुणी विचारले की आपल्याकडे दोन फळ्या लगेच समोरासमोर उभ्या राहतात. एक म्हणते, मजहबमध्ये हे बसत नाही. दुसरी म्हणते, आधी डोक्यावरची ओढणी उतरवा, मग खेळाचे बोलू. दोघांचे एका बाबतीत मात्र मतैक्य असते. त्या मुलीला काय हवे, हे दोघेही विचारत नाहीत. ती खेळणार कुठे, तिला शिकवणार कोण, आणि खेळून उद्या तिचे पोट भरेल का, हे प्रश्न दोन्ही फळ्यांच्या गावीही नसतात. भांडायचेच असेल तर या प्रश्नांवर भांडा, एवढेच मला सांगायचे आहे.

हे मी जासई, उरण, पनवेल या पट्ट्याकडे पाहून लिहीत आहे. जमिनीची किंमत काय असते हे या पट्ट्याला कुणी शिकवायला नको. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला इथल्या भूमिपुत्रांवर गोळीबार झाला आणि ५ शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील याच जासईचे. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्याच लढ्यातून आला आणि तो पुढे राज्यभर उदाहरण ठरला. त्यानंतर इथे बंदर वाढले, कंटेनरचे अड्डे आले, २०२४ च्या जानेवारीत जवळच चिर्ल्याला समुद्रावरचा अटल सेतू येऊन टेकला, उरणपर्यंत लोकल धावू लागली, २०२५ मध्ये विमानतळही सुरू झाला. एवढ्या उलाढालीत मुलींनी संध्याकाळी निर्धास्त धावावे अशी जागा किती राखली गेली? हा प्रश्न जसा सरकारला आहे तसाच आपल्या जमातींना, ट्रस्टना आणि शाळांच्या संचालक मंडळांनाही आहे. जमिनीसाठी रक्त सांडलेल्या मुलखात मुलीच्या वाट्याची जमीन कुणी मागितलीच नाही.

खाडीच्या पलीकडे नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. २० जानेवारी २०२२ रोजी तिथे महिलांच्या आशियाई चषकात भारत आणि इराण यांचा सामना झाला. इराणच्या मुली डोके झाकून खेळल्या, आपल्या मुली उघड्या डोक्याने खेळल्या. सामना ०-० असा सुटला. कुणाचा धर्म बुडाला नाही आणि कुणाचे पुरोगामीपणही बुडाले नाही. दुर्दैव वेगळेच होते. आपल्या संघात कोरोना शिरला, पुढच्या सामन्यासाठी १३ खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत आणि यजमान भारताला स्पर्धेबाहेर व्हावे लागले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढतही याच मैदानावर झाली. म्हणजे जग आपल्या दाराशी येऊन खेळून गेले. आपण मात्र मुलींना दाराच्या आत ठेवून ओढणीवर परिसंवाद घेत बसलो.

इराणविरुद्धच्या त्या सामन्यात भारताची कर्णधार होती लोइतोंगबम आशालता देवी. ही बचावफळीची खेळाडू. गोल करणाऱ्या खेळाडूचे नाव पोराटोरांना पाठ असते, गोल अडवणारीचे नाव विचारले तर मोठेही गप्प बसतात. आशालता इंफाळची, जन्म १९९३ चा. २०१५ मध्ये ती मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबकडून परदेशात खेळली. २०१९ मध्ये आशियातील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूच्या शेवटच्या तीन नावांत तिचे नाव होते. पुढे गोकुलम केरळ आणि ईस्ट बंगालकडून तिने देशातली लीग जिंकली. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी काठमांडूत पाकिस्तानविरुद्ध उतरताना शंभर आंतरराष्ट्रीय सामने खेळणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. तेव्हा तिचे वय ३१ होते. हा आकडा आईबापांनी नीट वाचावा. आपल्या मोहल्ल्यांत मुलगी तेराची झाली की तिचा खेळ सुटतो. तेराव्या वर्षी घरी बसवलेल्या मुलीचा एकतिसाव्या वर्षीचा शंभरावा सामना कुठून येणार?

कुणी म्हणेल, ती मणिपूरची, तिथली गोष्ट निराळी. निराळी आहेच, पण ती हवापाण्यामुळे नाही. मणिपूरने महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद वीसहून अधिक वेळा जिंकले, कारण तिथे गावोगावी मुलींचे संघ आहेत आणि मुलीने मैदानावर जाणे ही बातमी होत नाही. इकडे महाराष्ट्राकडे पाहा. इंडियन विमेन्स लीगच्या २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत पहिल्या श्रेणीत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. ज्या राज्यात विश्वचषकाची अंतिम लढत होते त्या राज्यातल्या मुलीला खेळाची नोकरी हवी असेल तर केरळ, बंगाल, ओडिशा गाठावे लागते. ही लाज एकट्या मुसलमानांची नाही, साऱ्या महाराष्ट्राची आहे.

आता पैशाचे बोलू, कारण आपल्याकडे इज्जतीच्या गप्पांत पैशाचा विषय दडवला जातो. २०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने वरच्या क्लबांतील किमान दहा भारतीय महिला खेळाडूंना वर्षाला निदान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत असे ठरवले. महिन्याला सत्तावीस हजारांहूनही थोडे कमीच. त्याच वर्षी क्रिकेटच्या महिला प्रीमियर लीगमध्ये लिलावाची सर्वांत कमी मूळ किंमत १० लाख होती, आणि तीही काही आठवड्यांच्या खेळासाठी. वर गुडघ्याचा धोका आहेच. गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण महिला फुटबॉलपटूंत पुरुषांपेक्षा अधिक असते, आणि अचानक वळून प्रतिस्पर्ध्याला अडवणे हे तर बचावपटूचे रोजचेच काम. गुडघा गेला की सहा महिने, वर्ष घरी. त्या काळात पगार मिळणार का, शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार? ज्या बापाला मुलीच्या अब्रूची चिंता वाटते त्याने हा करारनामा मागून वाचावा. मुलीची खरी राखण तिथे करायची असते.

डोके झाकणाऱ्या मुलीला हे जमेल का, असे विचारणाऱ्यांसाठी नुहैला बेंझिना हिचे नाव पुरेसे आहे. मोरोक्कोची ही बचावपटू, जन्म १९९८ चा, रबातच्या लष्करी क्लबची व्यावसायिक खेळाडू. ३० जुलै २०२३ रोजी ॲडलेडमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध ती हिजाब घालून खेळली. महिलांच्या विश्वचषकात असे पहिल्यांदाच घडले. मोरोक्कोने तो सामना १-० असा जिंकला आणि पुढे पहिल्या सोळांत धडक मारली. आपल्याकडे तिच्या हिजाबचे फोटो कौतुकाने फिरले. पण मोरोक्कोच्या महासंघाने २०२० पासून महिलांच्या दोन श्रेणी व्यावसायिक करायला घेतल्या आणि खेळाडूंच्या पगाराचा भार उचलला, त्यावर कुणी बोलले नाही. हिजाबने बेंझिनाला विश्वचषकात नेले नाही. पगाराने, प्रशिक्षकाने आणि रोजच्या सरावाने नेले.

दुसऱ्या फळीलाही तिचा हिशोब द्यायला हवा. २०११ च्या जूनमध्ये अम्मानला जॉर्डनविरुद्ध खेळायला उतरलेल्या इराणच्या मुलींना डोके झाकल्याबद्दल बाद करण्यात आले आणि त्यांची ऑलिंपिकची वाट बंद झाली. ही बंदी २०१२ मध्ये सैल झाली आणि २०१४ च्या मार्चमध्ये नियमानेच उठली. तरीही फ्रान्समधल्या स्थानिक सामन्यांत फुटबॉल महासंघाने ती चालू ठेवली आणि २०२३ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती ग्राह्य धरली. स्वातंत्र्याचे नाव घेऊन मुलीला मैदानाबाहेर काढणारा आणि धर्माचे नाव घेऊन तिला घरात कोंडणारा, यांच्यात मला तरी फरक दिसत नाही. मुलगी दोन्हीकडे बाहेरच राहते.

आणि धर्माचेच म्हणाल, तर पैगंबरांनी हजरत आयेशा यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची रिवायत अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा पैगंबर जिंकले. ज्यांना इतर शेकडो रिवायती तोंडपाठ असतात त्यांना नेमकी हीच कशी आठवत नाही? अंग झाकण्याची काळजी असेल तर नियम आता आड येत नाही. बायकांनीच बायकांना शिकवावे असे वाटत असेल तर समाजातल्या मुलींना प्रशिक्षक होण्यासाठी पाठवा, त्यांची फी भरा. हरकत घेणाऱ्याने उपायाचा खर्चही उचलावा.

हे होऊ शकते, याचा दाखला फार लांबचा नाही. ठाण्याजवळच्या मुंब्र्यात २०१२ च्या सुमारास सबा खान आणि त्यांच्या सोबतिणींच्या ‘परचम’ या गटाने मुलींचा फुटबॉल सुरू केला. त्यात मुसलमान मुली होत्या, इतर समाजांच्याही होत्या. मुलींसाठी खेळाची जागा राखून ठेवा म्हणून त्यांनी सह्या गोळा केल्या आणि लोकप्रतिनिधींपुढे मागणी ठेवली. हिजाबवाल्या आणि बिनहिजाबवाल्या एकाच चेंडूमागे धावल्या. त्यांनी फतवा मागितला नाही, परिसंवादही मागितला नाही. त्यांनी मैदान मागितले.

उरण-पनवेलच्या पट्ट्यात निदान एवढे व्हायला हरकत नसावी. समाजाच्या प्रत्येक शाळेने आपल्या पटांगणाचे आठवड्यातले तीन दिवस, ठरलेल्या वेळी, मुलींसाठी राखावेत. ज्या ट्रस्टकडे मोकळी जागा आहे त्यांनी लग्नाच्या मांडवाला ती भाड्याने देण्याआधी मुलींचा विचार करावा. ग्रामपंचायती, पनवेलची महानगरपालिका आणि सिडको यांच्याकडे खेळासाठी राखीव भूखंडांचा हिशोब लेखी मागावा, आणि तो आगरी, कोळी, कराडी शेजाऱ्यांच्या बरोबरीने मागावा, कारण त्यांच्या मुलींनाही तीच अडचण आहे. राज्याचा फुटबॉल चालवणाऱ्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनला विचारावे की पहिल्या श्रेणीत महाराष्ट्राचा महिला संघ केव्हा दिसणार.

यातले एकही काम ओढणी चढवल्याने किंवा उतरवल्याने होणारे नाही. ती ओढणी त्या मुलीची आहे, तिचा फैसला तिच्यावर सोडा. मैदान मात्र तिला एकटीला मिळवता येणार नाही. ते मिळवून देणे हे आपल्या सर्वांचे काम आहे, आणि आजवर ते आपण केलेले नाही.