हक्क मागायचा तर लिहून ठेवावे लागते



2005 साली पॅलेस्टाईनमधल्या एका शेतकऱ्याने कॅमेरा विकत घेतला. घरात चौथा मुलगा जन्मला होता. बाळाचे हसणे-रांगणे टिपावे, एवढीच बापाची हौस. शेतकऱ्याचे नाव इमाद बुर्नात, गाव बिलईन. रामल्ला शहराच्या पश्चिमेचा हा भाग 1967 च्या युद्धापासून इस्रायली लष्कराच्या ताब्यात आहे.

त्याच सुमारास गावाच्या शिवारात बुलडोझर आले. इस्रायल 2002 पासून कुंपण आणि भिंत बांधत होते. आत्मघाती हल्ले रोखायला ती हवी, असे त्यांचे म्हणणे. पण बिलईनमध्ये ती अशी आखली गेली की, ऑलिव्हच्या झाडांसह गावाची निम्म्याच्या आसपास जमीन पलीकडे गेली. पलीकडे इस्रायली वसाहतीच्या इमारती उठत होत्या.

गावकरी दर शुक्रवारी मोर्चा काढू लागले. त्यांच्या बाजूने काही इस्रायली नागरिकही चालत. बुर्नात यांचा कॅमेरा बाळाकडून मोर्चाकडे वळला. एक कॅमेरा अश्रुधुराच्या नळकांड्याने फुटला, एक गोळीने. असे पाच कॅमेरे मोडले. त्या चित्रणातून पुढे ‘फाइव्ह ब्रोकन कॅमेराज’ हा माहितीपट झाला आणि जगाने तो पाहिला.

गाव नुसते रस्त्यावर राहिले नाही, कोर्टातही गेले. इस्रायली वकील मायकेल स्फार्ड यांनी त्यांची बाजू इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयात मांडली. सप्टेंबर 2007 मध्ये न्यायालयाने भिंतीचा मार्ग बदलायला सांगितले. मात्र आधीच उभ्या राहिलेल्या वसाहतीला त्याच न्यायालयाने अभय दिले. निकालाची अंमलबजावणी व्हायला 2011 उजाडले. काही जमीन परत मिळाली, सगळी नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1949 चा चौथा जिनिव्हा करार सांगतो, युद्धात ताब्यात घेतलेल्या मुलखात आपली माणसे नेऊन वसवू नयेत. पण करार स्वतः चालत येत नाही. जमीन कुणाची, घर कधी पाडले, कोणी पाहिले, हे कुणीतरी लिहून ठेवावे लागते. 1979 पासून रामल्लाची ‘अल-हक’ ही संस्था हेच करते. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन साक्षीदारांचे जबाब शपथेवर नोंदवतात. ‘हक’ हा शब्द अरबी. आपल्या तोंडी रुळलेला ‘हक्क’ तिथूनच आला.

ऑक्टोबर 2021 मध्ये इस्रायलने अल-हकसह सहा संस्थांना दहशतवादी ठरवले. फ्रान्स, जर्मनी यांच्यासह नऊ युरोपीय देशांनी 2022 मध्ये सांगितले की, त्याला आधार ठरेल असा ठोस पुरावा आम्हाला मिळालेला नाही. तरी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लष्कराने त्यांच्या कचेऱ्यांवर धाड घालून दारे बंद केली. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने अल-हकवर आर्थिक निर्बंध लादले. जबाब लिहिणाऱ्यांची एवढी धास्ती कशासाठी? विचार करावा.

2004 साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पॅलेस्टिनी भूमीवरील भिंत बेकायदा ठरवली. 19 जुलै 2024 रोजी त्याने पुढचे मत दिले: इस्रायलचा या प्रदेशातील ताबाच बेकायदा आहे, तो शक्य तितक्या लवकर संपवावा. 18 सप्टेंबर 2024 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्यासाठी बारा महिन्यांची मुदत घातली. ठरावाच्या बाजूने 124 देश, विरोधात 14. 43 देश तटस्थ राहिले आणि त्यांत आपला भारत होता. मुदत उलटली, वसाहती तिथेच आहेत.

मग या कागदांचा उपयोग काय, असे कुणी विचारील. न्यायालयाचे हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, ते अमलात आणायला न्यायालयाकडे पोलीस नाहीत, हे खरेच. पण निकाल हाती असला की मागणाऱ्याला दयेची याचना करावी लागत नाही. तो बोट ठेवून विचारू शकतो. आणि कायद्याचे माप सर्वांना एकच असते. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने निरपराध माणसे मारली, ओलीस नेली, तो गुन्हाच. त्यानंतर गाझात हजारो मुले बॉम्बहल्ल्यांत मेली, अन्नपाणी अडवले गेले. पहिल्या गुन्ह्याने हे माफ होत नाही.

आमचे एवढेच सांगणे आहे. आपले सरकार तटस्थ का राहिले, हे आपल्या खासदाराला विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. एक पोस्टकार्ड पुरे. घरातल्या शाळकरी मुलाकडून ते लिहून घ्या, आणि लिहिताना बिलईन नकाशात कुठे आहे तेही त्याला दाखवा.