गणपतीचं तिकीट: वेटिंग कॉम्प्युटर दाखवतो, नियम मात्र माणसांचे

खेड : २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. म्हणजे मुंबईतले बरेच चाकरमानी शनिवारी, १२ तारखेलाच निघणार. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. त्या हिशेबाने या दिवसाची तिकिटं १४ जुलैला सकाळी ८ वाजता खुली होतील. दरवर्षीचा अनुभव असा, की काही मिनिटांतच मोबाईलवर ‘वेटिंग’ झळकतं. मग कुणी नशिबाला दोष देतं, कुणी सर्व्हरला, कुणी एजंटला. पण तिकीट कोणाला मिळणार हे नेमकं ठरतं कसं?

याचं उत्तर ‘अल्गोरिदम’ या शब्दात आहे. शब्द मोठा, गोष्ट साधी. ठरलेल्या क्रमाने करायच्या कामांची यादी म्हणजे अल्गोरिदम. रेशन दुकानातलं मशीन आधी कार्ड नंबर घेतं, मग अंगठा तपासतं, मग माणसं मोजून धान्याचा आकडा दाखवतं. क्रम बदलत नाही, ओळख चालत नाही. रेल्वेचा कॉम्प्युटरही तसाच: गाडी कोणती, तारीख कोणती, कुठून कुठे, कोटा कोणता, सीट शिल्लक आहे का. असेल तर द्या, नसेल तर रांगेत लावा. साठ वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या महिलांना शिल्लक असेल तर खालचा बर्थ देणं, हाही त्याच यादीतला एक नियम.

रांग एक नाही, अनेक

आठ नंबरचं वेटिंग तसंच राहतं आणि चाळीस नंबरचं कन्फर्म होतं, हे पाहून गावात वाद होतात. कारण वेटिंगच्या रांगाच वेगवेगळ्या आहेत. गाडी सुटते तिथून शेवटपर्यंत जाणाऱ्यांसाठी बहुतेक वेळा ‘जनरल’ वेटिंग असतं. मधल्या स्टेशनांच्या प्रवाशांना अनेकदा ‘पूल्ड’ किंवा ‘रिमोट लोकेशन’ वेटिंगमध्ये टाकलं जातं. ज्याची रांग त्याच कोट्यातली रद्द झालेली सीट आधी त्याला. छोट्या कोट्यात तिकिटं कमी, म्हणून रद्द होणारीही कमी. त्यामुळे तिकिटावरचा नुसता नंबर बघून उपयोग नाही, नंबराआधीची अक्षरं बघायला हवीत. काही ॲप ‘कन्फर्म होण्याची शक्यता इतके टक्के’ असं सांगतात. तो मागच्या नोंदींवरून बांधलेला अंदाज असतो, रेल्वेचा शब्द नव्हे. आणि गणपतीतली गर्दी काही एरवीसारखी नसते.

यंत्राशी यंत्राची शर्यत

दुसरी अडचण वेगाची. २२ मे २०२५ रोजी सकाळी १० वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं बुक झाल्याचं रेल्वेने जाहीर केलं होतं. तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे निम्म्यापर्यंत प्रयत्न माणसांचे नसून आपोआप फॉर्म भरणाऱ्या ‘बॉट’ सॉफ्टवेअरचे होते आणि २.५ कोटी संशयित आयडी बंद केले, असंही तेव्हा सांगितलं गेलं. बोटाने नाव टाइप करणाऱ्या माणसाचा तिथे काय निभाव लागणार?

त्यावर नियम बदलले. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी लागते आणि अधिकृत एजंटांनाही पहिली ३० मिनिटं बंदी आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून साध्या आरक्षणाच्या पहिल्या १५ मिनिटांतही आधार जोडलेलं खातं सक्तीचं झालं, पुढे ही वेळ आणखी वाढवली. म्हणून ज्याचं खातं आधारशी जोडलेलं नाही, त्याने १४ जुलैची सकाळ उजाडायची वाट पाहू नये.

तत्काळचा हिशेबही नीट समजून घ्यावा. गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेच्या आदल्या दिवशी तत्काळ खुलं होतं, एसीचं १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता. मडगावहून संध्याकाळी सुटलेली गाडी खेडला मध्यरात्रीनंतर येत असेल, तर खेडच्या तारखेने मोजणारा एक दिवस चुकतो.

खेडची मागणी दिसते कुठे?

खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. सीट मिळावी म्हणून अनेक जण जास्त पैसे भरून पुढच्या स्टेशनचं तिकीट काढतात आणि खेडला उतरतात. घर गाठायचा हा जुना उपाय. पण कॉम्प्युटरला हा प्रवासी खेडचा दिसत नाही. त्याच्या नोंदीत तो रत्नागिरीचा किंवा कुडाळचा. वेटिंग बघून एसटीने किंवा खासगी बसने येणारा तर कुठेच नोंदला जात नाही. उद्या कोणी नोंदी काढून खेडची गरज मोजायला बसलं, तर ती खरीपेक्षा कमीच भरणार.

कॉम्प्युटर कोणावर राग धरत नाही आणि कोणाची कीवही करत नाही. कोणत्या स्टेशनला किती कोटा, हे त्याला माणसं सांगतात, आणि माणसांनी सांगितलेलं माणसांना बदलताही येतं, जसे तत्काळचे नियम बदलले. त्यामुळे ‘वेबसाइट स्लो आहे’ एवढ्या तक्रारीने भागणार नाही. गणपतीच्या गाड्यांत खेडसाठी किती सीट ठेवल्या, किती जण वेटिंगवर राहिले, हे आकडे ग्रामपंचायतींनी, मुंबईतल्या मंडळांनी आणि लोकप्रतिनिधींनी रेल्वेकडे लेखी मागायला हवेत. आणि ते मागायचे तर सप्टेंबरच्या गर्दीत नव्हे, १४ जुलैच्या आत.