मोठं घर आणि बायित गादोल

साठी उलटल्यावर मी हिब्रू शिकायला घेतली आहे. लेक-जावई इस्राएलला, नात तिथलीच. मराठी येतं तिला, पण बोलता बोलता रंगात आली की हिब्रू सुरू! बुलढाण्यात बसून फोनवर मी नुसतं "हो का, हो का" किती दिवस म्हणायचं?

पुस्तक मिळालं ते इंग्रजीतलं. नामाप्रमाणे विशेषण बदलतं, हे त्यात एखादं संकट सांगावं तसं सांगितलंय. इंग्रजीवाल्यांना असेल, त्यांचं विशेषण जागचं हलत नाही. आपल्याला कसलं आलंय संकट? खामगावची चांदी पांढरी, सिंदखेड राजाचा वाडा जुना, लोणारचं पाणी खारं. हे तर आपण शाळेत जायच्या आधीपासून बोलतो. तिकडेही तेच. मोठा मुलगा 'येलेद गादोल', मोठी मुलगी 'याल्दा ग्दोला', मोठे मुलगे 'येलादिम ग्दोलिम', मोठ्या मुली 'येलादोत ग्दोलोत'. विशेषण नामानंतर येतं, एवढाच फरक.

म्हणून माझं स्पष्ट मत, मराठी माणसाने हिब्रू मराठीतूनच शिकावी. हे काही नवीन नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची भाषा मराठी. त्यांच्यासाठी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्येच हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वं मराठीत छापली होती. मग आज आपण इंग्रजीचा वळसा का घ्यायचा?

मात्र मराठीतलं लिंग तिकडे चालत नाही. लोणारचं पाणी सांगताना मी 'मायिम मालुआख' म्हणाले, तर नात खो खो हसली. "आजी, मेलुखिम!" हिब्रूत पाणी कायम अनेकवचनी, तेही पुल्लिंगी. वर्ष म्हणजे 'शाना' स्त्रीलिंगी, म्हणून 'शाना तोवा'. त्याचं अनेकवचन 'शानिम' दिसायला पुल्लिंगी, पण विशेषण स्त्रीलिंगीच, 'शानिम तोवोत'. तेव्हा नुसते तक्ते घोकून भागत नाही. प्रत्येक नाम विशेषणासकट, जोडीनेच वहीत उतरवायचं.

परवा नातीने विचारलं, "आजी, तुझा घर मोठा आहे?" मी म्हटलं, "मोठं." ती म्हणाली, "का? बायित तर मुलगा असतो!"

आता ठरलंय, रोज रात्री एक जोडी तिने द्यायची, एक मी. "हो का" म्हणणं बरंच कमी झालंय.