बाटलीवर लिहिलंय 'हेम्प', पण आत काय?

यंदाच्या संक्रांतीला आमच्या पिरंगुटच्या बचत गटाचं हळदीकुंकू होतं. तिळगूळ झाला, वाण वाटून झालं आणि गटातल्याच एका मैत्रिणीने पिशवीतून तपकिरी काचेच्या चिमुकल्या बाटल्या काढून सतरंजीवर मांडल्या. "हेम्पचं तेल आहे, ताई. सीबीडी म्हणतात त्याला. गुडघेदुखी, झोप, शुगर, सगळ्यावर चालतं. रोज जिभेखाली चार थेंब." किंमत अठराशे रुपये!

"हेम्प म्हणजे आपली अंबाडीच ना गं?" एका आजींनी विचारलं.

"हो आजी, तसलंच. झाडपाल्याचं औषध."

गटातली दुसरी एक जण लगेच बाटली घ्यायला निघाली. तिच्या सासूबाईंच्या हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ होण्याची गोळी रोजची, आणि गुडघे तर फार दुखतात. मी एवढंच म्हणाले, "आठ दिवस थांब. आधी डॉक्टरांना विचारू." विकणारीचा चेहरा पडला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, माझं गिऱ्हाईक तोडलंत तुम्ही. दहा बाटल्यांचे पैसे आधीच भरलेत मी, तेही गटाच्या कर्जातून."

त्या रात्री मला झोप लागली नाही. खरं सांगायचं तर मलाही यातलं काही कळत नव्हतं. मग वाचत गेले, ओळखीच्या डॉक्टरांना आणि वैद्यांना विचारत गेले. जे समजलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं, कारण अशा बाटल्या आता गावोगाव पोचल्या आहेत.

पहिली गोष्ट, ही अंबाडी नव्हे. आपण जिची भाजी-भाकरी आवडीने खातो त्या अंबाडीला इंग्रजीत 'डेक्कन हेम्प' म्हणतात, तागाला 'सन हेम्प' म्हणतात. दोन्ही दोरखंडाच्या वाखाची झाडं, म्हणून नाव सारखं. बाटलीतलं हेम्प म्हणजे भांगेचं झाड. ज्याच्यापासून गांजा होतो तेच. दचकलात ना? पण दचकून बाटली फेकायचं कारण नाही, आणि 'नैसर्गिक आहे' म्हणून डोळे मिटून घ्यायचंही कारण नाही. एकाच झाडाच्या तीन भागांना आपल्याकडे तीन वेगळे न्याय आहेत, तेवढे समजून घेतले की पुष्कळ उलगडा होतो.

बी म्हणजे अन्न. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. त्यात नशेच्या द्रव्याला, म्हणजे टीएचसीला, कडक मर्यादा घातली. बियांत प्रथिनं चांगली असतात, ओमेगा-३ असतं. पण सीबीडी बियांत जवळजवळ नसतंच! शिवाय ओमेगा-३ हवं असेल तर आपल्या जवसात ते त्याहून जास्त मिळतं. जवसाची चटणी कितीला पडते ते तुम्हाला मी काय सांगू?

पान म्हणजे औषध. आयुर्वेदात भांगेला 'विजया' म्हणतात आणि ती जुन्या काळापासून वापरात आहे. पण आपल्या औषध नियमांत भांग 'ई-१' या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. ती असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना इंग्रजीत आणि हिंदीत छापावीच लागते. म्हणजे हे वैद्यांनी नाडी बघून, वय आणि इतर औषधं विचारून द्यायचं काम. हळदीकुंकवात वाटायचं वाण नव्हे.

फूल म्हणजे गुन्हा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि चरस म्हणजे त्याचा चीक. बी आणि नुसतं पान या व्याख्येबाहेर राहिलं. म्हणूनच वरच्या दोन वाटा मोकळ्या राहिल्या. पण परवान्याशिवाय झाड लावणं हा दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने २०२१ मध्ये, इतर पिकांना भाव नाही म्हणून, गांजा लावायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती, ती बातमी तुम्हाला आठवत असेल. इकडे शेतकऱ्याला बंदी आणि तिकडे मोबाइल उघडला की त्याच झाडाच्या तेलाची जाहिरात!

अमेरिकेतल्या लेकीने किंवा भाच्याने प्रेमाने आणलेल्या बाटलीचंही असंच. तिकडे २०१८ च्या शेती कायद्याने कमी नशेचं हेम्प मोकळं केलं, आणि तिकडचं सीबीडी बहुतेक फुलोऱ्यातून काढतात. तिथे दुकानात मिळतं म्हणून इथल्या विमानतळावर चालेलच असं समजू नका.

आता मुख्य प्रश्न. सीबीडीने खरंच बरं वाटतं का? सीबीडीने नशा होत नाही, हे खरं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याचं एक शुद्ध औषध मंजूर केलं, ते लहान मुलांच्या दोन दुर्मीळ आणि फार अवघड प्रकारच्या फिट्सवर. त्या मुलांच्या आयांना केवढा आधार वाटला असेल! पण तिथे वीस किलोच्या मुलालासुद्धा रोज साधारण दोनशे मिलिग्रॅम देतात आणि यकृताच्या तपासण्या करत राहतात. गुडघ्यांचं म्हणाल तर व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी संधिवाताच्या ८६ रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना आठ आठवडे रोज सहाशे मिलिग्रॅम सीबीडी, निम्म्यांना दिसायला तसंच पण सीबीडी नसलेलं. २०२३ मध्ये निकाल छापून आला. वेदनेत दोन्हींमध्ये फरक पडला नाही. मग आपल्या चार थेंबांचं काय?

आणि बाटलीत लिहिलंय तेच आत असेल याचा तरी काय भरवसा? अमेरिकेत इंटरनेटवर विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं संशोधकांनी तपासली होती. २०१७ च्या त्या अभ्यासात जेमतेम ३१ टक्क्यांवरचं प्रमाण बरोबर निघालं आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं.

मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या सासूबाईंच्या गोळीची. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम सीबीडीने वाढू शकतो, म्हणजे रक्तस्राव व्हायचा धोका. फिट्सच्या काही गोळ्यांशीही त्याचं पटत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर त्याच्या वाटेला जाऊच नये, असा अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा स्पष्ट सल्ला आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, कुणी अशी बाटली पुढे केली तर आधी विचारा, हे बियांचं की पानांचं? बियांचं असेल तर लेबलवर अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक हवा, आणि मग त्याने रोग बरा होतो असं म्हणता येणार नाही. पानांचं असेल तर आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक, सावधगिरीची सूचना आणि वैद्यांची चिठ्ठी हवी. तिसरं, सीबीडी किती मिलिग्रॅम आणि तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली, हे हवं. आणि मधुमेह, कर्करोग बरा होतो असं छापलेलं दिसलं, तर तिथेच थांबा. १९५४ च्या जादूटोण्याच्या उपायांविरुद्धच्या जाहिरात कायद्याने असे दावे करणंच गुन्हा आहे. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. चालू असलेली गोळी मात्र कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

आमच्या बाटल्यांचं काय झालं? पुढच्या बैठकीत आम्ही सगळ्यांनी चष्मे लावून लेबल वाचलं. मोठ्या अक्षरात 'सीबीडी', आणि मागे बारीक अक्षरात 'हेम्प बियांचं तेल'. मैत्रीण रडायलाच लागली. तिने कुणाला फसवलं नव्हतं, तिलाच कुणीतरी फसवलं होतं. विकणाऱ्यांनी चार बाटल्या परत घेतल्या, सहा घेतल्या नाहीत. गटाने तिचा हप्ता तीन महिने पुढे ढकलला, आणि यापुढे विक्रीसाठी कर्ज देताना मालाचं लेबल आधी बैठकीत वाचायचं, असा ठराव वहीत लिहिला.

सासूबाईंना मुलगा पुण्याला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. व्यायाम आणि शेक सुरू आहे. गुडघे अजून दुखतात, पण गोळी वेळेवर चालू आहे. परवा मला म्हणाल्या, "तुमची बाटली नको बाई, अंबाडीची भाजीच बरी." मी म्हटलं, "आत्याबाई, ती मात्र बिनधास्त खा!"