गिऱ्हाईक कुठल्या गावचं?

युरोपात कंपनी काढायची म्हटलं की हल्लीची मुलं आधी एक्सेल शीट काढतात. नाशिकच्या माझ्या भाच्याच्या शीटमध्ये देशांपुढे टॅक्स, फी, भांडवल, घरभाडं असे रकाने होते आणि एस्टोनिया सगळ्यांत वर. कारण उघड आहे. नफा वाटून न घेता धंद्यातच ठेवला, तर तिथे कंपनीला त्यावर टॅक्स पडत नाही. २०१७ पासून स्टार्टअप व्हिसाही आहे. शिवाय ई-रेसिडेन्सी! तिच्यावर नाशकात बसून एस्टोनियात कंपनी नोंदवता येते, हे खरं; पण टॅलिनमध्ये राहायचा हक्क तिने मिळत नाही. हे सांगितल्यावर स्वारी जरा नरमली.

पण भाच्याचा माल काय? द्राक्षांच्या रीफर कंटेनरमधलं तापमान सतत कळवणारा सेन्सर. आपली निर्यातीची द्राक्षं सर्वांत जास्त जातात नेदरलँड्सला, रॉटरडॅम बंदरात. म्हणजे आयातदार तिथे, शीतगृहं तिथे, आणि हा पठ्ठ्या बसणार टॅलिनमध्ये, जिथे डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा. एस्टोनियाच्या परवान्यावर बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, मुक्काम ठोकून धंदा करता येत नाही. गिऱ्हाईक कुठे आहे, हा रकानाच शीटमध्ये नव्हता.

डच परवाना मात्र खडूस. मुदत एकच वर्ष, वाढवून मिळत नाही. सरकारमान्य फॅसिलिटेटरशी लेखी करार लागतो, आणि वर्षअखेरीस त्याने अनुकूल लिहून दिलं तरच पुढे स्वयंरोजगाराचा परवाना मागायचा. भाच्याला हा जाच वाटतो. मला तीच अट आवडली. परक्या मुलखात धंद्यातला जाणता माणूस शोधायला सरकारच भाग पाडतंय, वाईट काय? करार मात्र चष्मा लावून वाचावा. फॅसिलिटेटरला कंपनीत बहुमताचा हिस्सा घेता येत नाही, पण त्याखालचा किती मागतो ते आधीच बघितलेलं बरं.

बायको-मुलांसह निघणाऱ्याने फ्रान्सचा विचार करावा. तिथला परवाना चार वर्षांपर्यंतचा, जोडीदारालाही नोकरीची मुभा. आमचे भाचेबुवा सडेफटिंग, तेव्हा तो मुद्दा बाद. जर्मनीत जीएमबीएच कंपनीला २५,००० युरोंचं भांडवल आणि नोटरीपुढे हजेरी. ते नाव दाजींनीच, म्हणजे भाच्याच्या वडिलांनीच खोडलं.

आता घोळ तारखेचा आहे. द्राक्षांचा निर्यात हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. डच परवाना मे महिन्यात हाती पडला, तर वर्षातले पहिले आठ महिने आपल्या द्राक्षांची वाट बघण्यात जाणार. म्हणून अर्ज असा टाकायचा, की दिवाळीच्या सुमारास मुक्काम हलेल. दोन महिने आयातदारांचे उंबरे झिजवायला, मग पहिला कंटेनर.